चार्वाक चौकाच्या आसपास

नाशिकच्या इंदिरानगरात चार्वाक चौक आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो नेमका तिथे आणून सोडतो. चार्वाक कोण, हा प्रश्न त्यालाही पडत नाही आणि उतरणाऱ्यालाही. या भागातल्या एखाद्या घरी लग्न निघाले की पत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री गणेशाय नमः’ येते आणि तळाशी पत्त्यात चार्वाक येऊन बसतो. वेद, यज्ञ, परलोक सगळे धुडकावणाऱ्याच्या नावाने अक्षतांचे निमंत्रण जाते, आणि कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

चार्वाकाचे नशीब पूर्वीपासून असेच. त्याच्या मताची, म्हणजे लोकायतांची, मूळ सूत्रे आज हाती नाहीत. जे कळते ते बहुतेक विरोधकांच्या पोथ्यांतून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिले प्रकरण त्याचे, तेही पुढे खोडून काढण्यासाठी. महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिराला स्वजनहत्येबद्दल सुनावणारा चार्वाक राक्षस ठरतो आणि ब्राह्मणांच्या हुंकाराने जळून जातो. मराठीत सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी त्याच्यावर स्वतंत्र पुस्तके लिहिली. साळुंखे यांनी तर पुस्तकाचे नावच ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ ठेवले.

त्याचे आजचे वारस किती? २०११ च्या जनगणनेत सव्वाशे कोटींच्या देशात नास्तिक म्हणून नोंद झाली ३३,३०४ जणांची. त्यांतले ९,६५२ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. आकडा अर्थातच तोकडा आहे. जनगणनेचा कर्मचारी दाराशी येतो, आडनाव ऐकतो आणि बऱ्याच घरी धर्माचा रकाना न विचारताच भरून टाकतो. शिवाय न मानणारा माणूसही ‘राहू द्या हो’ म्हणतो. कोपऱ्यावरच्या टपरीवर तासभर वाद घालणारा हाच माणूस कागदावर मात्र गप्प असतो.

वादात तो सहसा हरत नाही. तो अडतो दहाव्याच्या दिवशी.

इंदिरानगरातून द्वारका चौक ओलांडून पंचवटीत रामकुंडावर गेले की तिथे सगळ्यांची कामे ठरलेली असतात: गुरुजींची, न्हाव्याची, पिंड ठेवणाऱ्या मुलाची आणि कावळ्याची. कावळा शिवेना की वडीलधारी मंडळी हात जोडून मृताला शब्द देऊ लागतात. धाकटीचे लग्न आम्ही लावून देऊ, आईला अंतर देणार नाही, तू काळजी करू नकोस. न मानणाऱ्याच्याही घशात इथे आवंढा येतो. कावळ्याचे सोडा, पण घरातली न बोललेली गोष्ट चारचौघांत बोलायला लावणारी ही जागा आहे. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि मंडळी जेवायला निघतात.

हे सगळे नको, असे एखाद्या घराने ठरवले तर दहा दिवस करायचे काय? भेटायला येणारे येतच असतात, शेजारणी पिठले-भात आणून देत असतात. पण सुतकच नाही म्हटल्यावर ते संपते कधी? चूल नेहमीसारखी कधी पेटवायची, घरात मोठ्याने हसले तर चालेल कधी? हे सांगणारे कुणी उरत नाही. मग मामा विचारतात, ‘लोक काय म्हणतील?’ आणि मुलगा गुरुजींना फोन लावतो. तो हरलेला नसतो, एकटा पडलेला असतो.

नास्तिकांना संघटना कशाला हवी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ती हवी असते अशा वेळी, फोन उचलायला.

देहदानाचेच घ्या. संकल्पपत्र भरून कपाटात ठेवले म्हणजे काम झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात मृत्यूनंतर निर्णय जवळच्या नातेवाइकांच्या हाती असतो. एका मुलाने नको म्हटले की कागद कागदच राहतो. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो, वैद्यकीय महाविद्यालयाला लगेच कळवावे लागते, शवविच्छेदन झाले असेल तर देह सहसा घेतला जात नाही. नाशिकमध्ये आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, तोवर पंखा बंद करून पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा असतो. रडणाऱ्या घरात हे कुणाला आठवणार? ज्याने दोन-तीन घरी हे पाहिले आहे, असा माणूस शेजारी असावा लागतो.

विधींशिवायच्या निरोपाला वाट पाडणारे कुठल्या एका गोटातले नव्हते. भगूर नाशिकपासून हाकेच्या अंतरावर; तिथे जन्मलेल्या सावरकरांनी आपले दहन विद्युतदाहिनीत व्हावे आणि नंतरचे विधी करू नयेत, असे लिहून ठेवले होते. मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापणारे हमीद दलवाई १९७७ साली गेले, तेही विधींशिवाय विद्युतदाहिनीत. दोघांचे राजकारण एकमेकांपासून किती लांब होते, हे सांगायला नको. महाराष्ट्राच्या विवेकवादाचा नकाशा एका रंगात रंगवणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

लग्नाची वाट तुलनेने सोपी, कारण ती जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून मळून ठेवली. भटजी नाही, वधूवरांनी एकमेकांना वचन द्यायचे आणि मंगलाष्टका मराठीत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्माशिवाय लग्नाची सोय आहेच. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या. त्यातली नोटीस घरातून विरोध असलेल्या जोडप्याच्या जिवावर येते. साक्षीदार म्हणून उभी राहणारी ओळखीची तीन माणसे तेव्हा फार मोलाची असतात.

जातीबाहेर लग्न केल्याचा राग जिवावर कसा उठतो, हे नाशिकने २०१३ मध्ये पाहिले. जातपंचायतीच्या दबावाखाली बापानेच गर्भवती मुलीचा जीव घेतला. त्यातून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ याच शहरातून उभे राहिले. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यांच्या हयातीत रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबरमध्ये मंजूर झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ मध्ये अमलात आला.

अंनिस ही नास्तिकांची संघटना नाही, हे इथे सांगायला हवे, कारण घोटाळा नेहमी होतो. देव मानायचा की नाही हे समितीने ज्याच्या त्याच्यावर सोडले. तिचा विरोध देवाच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीला. दाभोलकरांचे हे धोरण काही कडव्या निरीश्वरवाद्यांना मिळमिळीत वाटे. पण त्यामुळेच वारकरी घरातला शिक्षक आणि देव न मानणारी परिचारिका एकाच शाखेत बसू शकले. उघडपणे नास्तिक म्हणून जमणे आजही सोपे नाही. पुण्यात शहीद भगतसिंग विचारमंचाचा नास्तिक मेळावा २०२२ मध्ये १० एप्रिलला ठरला होता. त्या दिवशी रामनवमी असल्याने पोलिसांनी चिंता व्यक्त केली आणि मेळावा रद्द झाला.

नाशिकच्या एका माध्यमिक शिक्षकाची गोष्ट याहून साधी. शाळेच्या प्रार्थनेला तो उभा राहायचा, हात मात्र जोडायचा नाही. ती बेशिस्त ठरली आणि वरची वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: हात जोडण्याची सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करते. दोन हात शरीरालगत सरळ ठेवण्याच्या हक्कासाठी माणसाला मुंबई गाठावी लागली.

महाराष्ट्राबाहेर काय चालते? विजयवाड्याच्या ‘एथिइस्ट सेंटर’ने, गोरा आणि सरस्वती गोरा यांच्या १९४० मध्ये सुरू झालेल्या केंद्राने, भाषणांपेक्षा सहभोजन आणि आंतरजातीय लग्नांवर भर दिला. नॉर्वेत १९५१ पासून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी चर्चबाहेरचा वयात येण्याचा सोहळा होतो. लंडनमध्ये २०१३ साली दोन विनोदी कलाकारांनी ‘संडे असेंब्ली’ काढली: गाणी, एक भाषण, मग चहा-केक. देव वगळून चर्चमधले बाकी सगळे. आपल्याकडे हे जसेच्या तसे रुजेल असे वाटत नाही. रविवारी सकाळी इंदिरानगरातला माणूस मिसळीला जाईल.

पण मिसळीला तरी एकत्र जाता येतेच. ठरलेला वार, ठरलेली जागा, बायकामुलांसह येण्याची मोकळीक, एवढ्याने सुरुवात होते. अशा बैठका मोडतात त्याही ठरलेल्या कारणांनी: तेच चार पुरुष, तोच वाद, देव नाही हे आधीच पटलेल्यांना पुन्हा पटवणे. घरातली बाई ज्या दिवशी ‘हळदीकुंकवाला विधवा मैत्रिणीला बोलावले तर सासूबाईंना काय सांगू?’ असा प्रश्न घेऊन येते, त्या दिवशी बैठकीला काम मिळते. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी द्यायची की नाही, यावर मात्र एकमत होण्याची शक्यता कमी. बहुतेक जण देतात आणि मंडळाच्या रक्तदान शिबिरात टेबल सांभाळतात.

अनंत चतुर्दशीला नाशिकमध्ये ‘देव द्या, देवपण घ्या’ असे म्हणत विद्यार्थी कृती समितीची मुले गोदाकाठी मूर्ती गोळा करायला उभी राहतात. अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव हेच काम करत आले आहेत. त्यात घरी देव्हारा असणारे असतात, नसणारेही. समोरच्या कुटुंबाची आरती लांबते, लहान मूल मूर्ती सोडायला तयार नसते, आजी शेवटचा मोदक हातावर ठेवते. टोपलीपाशी उभा असलेला न मानणारा तोवर थांबतो, मोदक खातो आणि मूर्ती दोन्ही हातांनी घेतो.