मेन स्विच बंद, तरी बॅटरी उतरते

बॅटरी उतरली की लोक पहिला दोष बॅटरीलाच देतात. बिबवेवाडीत गाड्यांच्या वायरिंगची कामं करताना मी हे सतत ऐकतो: "दादा, नवीन टाकून द्या, कटकट नको." नाना पेठेत जाऊन नवी बॅटरी आणणं अवघड नाही. पण जुनी ज्या कारणाने गेली ते कारण गाडीतच राहिलं, तर नवीही त्याच वाटेने जाते. म्हणून पैसे काढण्याआधी मीटर लावा, असा माझा आग्रह असतो.

जवळच्याच एका सोसायटीत एक छोटा कॅम्पर ट्रेलर उभा असतो. कारच्या मागे जोडून न्यायचा. आत झोपायची फळी, तिच्याखाली सामानाचे कप्पे, मागे छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याचा पंप, दिवे आणि 100 एएचची (अँपिअर-अवर) लेड-अ‍ॅसिड बॅटरी. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असे ट्रेलरही धरले आहेत. पुण्यात मात्र ते अजून विरळाच. मालक काका-काकू तो घेऊन कधी कोकणात, कधी भंडारदऱ्याला जातात. एरवी तो पार्किंगमध्ये. पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी पुढच्या आठवड्यात बघावी तर एक दिवाही लागत नाही.

"मेन स्विच मी स्वतः बंद करतो हो," काका म्हणाले.

"आणि मी परत बघून येते," काकूंनी सांगितलं.

दोघांचंही खरं होतं. खोट होती ती त्या स्विचच्या अलीकडे.

आधी बॅटरीचीच परीक्षा घेतली. पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह वायर सोडवली आणि बॅटरी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी 12.7 व्होल्ट. धडधाकट लेड-अ‍ॅसिड बॅटरी विश्रांतीनंतर एवढंच दाखवते, 12.2 च्या आसपास आली की निम्मी संपली समजायचं आणि 11.9 च्या खाली गेली की जवळपास रिकामी. म्हणजे बॅटरी बिचारी ठीक होती, कोणीतरी तिचा करंट खात होतं.

मग मल्टिमीटर. लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात घालायची आणि मीटर बॅटरीचा निगेटिव्ह व सोडवलेली वायर यांच्या मधोमध जोडायचा, म्हणजे जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जातो. या वेळी कोणी इन्व्हर्टर किंवा दुसरं काही मोठं चालू केलं तर मीटरचा फ्यूज उडतो, म्हणून काकूंना दारातच उभं केलं आणि आत कोणाला जाऊ दिलं नाही. मेन स्विच बंद, दिवे बंद, पंप बंद. मीटरवर 0.50 अँपिअर.

आकडा लहान वाटतो. पण अर्धा अँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला 12 एएच. चार दिवसांत निम्मी बॅटरी, आठ-नऊ दिवसांत सगळी. काकांची तक्रार या हिशोबात तंतोतंत बसत होती.

एरवी अशा वेळी फ्यूज बॉक्स उघडून एकेक फ्यूज काढत जातात आणि आकडा कुठे पडतो ते बघतात. इथे तो बॉक्सच मेन स्विचच्या पलीकडे, म्हणजे आधीच मेलेला. म्हणून टॉर्च मारून बॅटरीचं पॉझिटिव्ह टर्मिनल पाहिलं. जाड केबल मेन स्विचकडे जात होती, आणि त्याच नटखाली तीन बारीक वायरी थेट दाबलेल्या होत्या. दहाच्या पान्याने नट सैल करून एकेक वायर बाजूला केली. पहिली काढली, आकडा 0.07 ने उतरला. ती गॅस-गळतीच्या अलार्मची. दुसरी टेपच्या मेमरीची, 0.02. तिसरी काढली आणि मीटर शून्यावर आला.

तिसरी वायर प्लायच्या मागे गुडूप झालेली. तिच्या मागावर जात फळीखालच्या कप्प्याशी पोचलो. झाकण उघडलं की आत दिवा लागतो, मिटलं की झाकण बटण दाबतं आणि दिवा विझतो, अशी सोय. मिटल्यावर तो खरंच विझतो का, हे बाहेरून कसं कळणार? काकांचा मोबाईल व्हिडिओ चालू करून कप्प्यात ठेवला, झाकण लावलं, थोड्या वेळाने काढला. व्हिडिओत दिवा लख्ख जळत होता. पावसाळ्यात प्लाय फुगलं होतं, झाकण पुरतं बसत नव्हतं आणि बटण दोन-तीन मिलिमीटर अधांतरी राहत होतं. पाच वॉटचा साधा बल्ब, 0.41 अँपिअर. हात लावला तर चांगलाच तापलेला, आणि शेजारी पांघरुणांची घडी. त्या वायरला फ्यूजही नव्हता. बॅटरी उतरण्यापेक्षा मला याची धास्ती जास्त वाटली.

दिव्याची वायर मेन स्विचच्या पलीकडे घेतली, तिला 2 अँपिअरचा फ्यूज दिला, बल्बऐवजी एलईडी लावला आणि झाकणाला आतून रबराची पट्टी चिकटवली. टेपही स्विचमागे गेला. अलार्मला मात्र हात लावला नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. आत माणसं झोपतात, तेव्हा तो अलार्म चालू असलाच पाहिजे. त्याचे 0.07 अँपिअर म्हणजे दिवसाला पावणेदोन एएच. दोन-तीन आठवड्यांनी एकदा चार्जर लावला की भागतं.

बॅटरी पुन्हा पुन्हा पार बसणं तिला सोसत नाही. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर लेड सल्फेट असतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं, तसंच राहू दिलं तर त्याचे कठीण खडे होतात आणि क्षमता कायमची घटते. गास्ताँ प्लांते याने 1859 मध्ये ही बॅटरी बनवली तेव्हापासून तिचा हा स्वभाव कायम आहे.

ट्रेलर नसलेल्यांनाही हे लागू आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये उभ्या राहिलेल्या कितीतरी कार सुरूच झाल्या नाहीत. आताच्या कारमध्ये लॉक, अलार्म, कॉम्प्युटर मिळून 20 ते 50 मिलीअँपिअर खाणं सर्वसाधारण आहे. 50 धरले तरी महिन्याला 36 एएच होतात, आणि छोट्या कारची बॅटरीच साधारण 35 ते 45 एएचची. कार तपासताना एक पथ्य पाळा: दार लॉक केल्यावर अर्धा तास थांबा. तिचे कॉम्प्युटर सावकाश झोपी जातात, त्याआधीचा आकडा फसवा असतो.

आणि टर्मिनल सोडवताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेला असला, तर त्या पान्यातून शेकडो अँपिअर जातात. तो क्षणात लालबुंद होतो, आणि बोटात अंगठी असेल तर तीही. माझ्याकडे नवा मुलगा शिकायला आला की आधी त्याला अंगठी आणि कडं काढायला लावतो, मगच हातात पाना देतो.