गावची जमीन इंटरनेटवर शोधताना



आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांच्या नावावर गावाकडे थोडीफार जमीन असते. वारस नोंद राहून गेलेली असते आणि कागदपत्रांची माहिती असणारी माणसे थकत चाललेली असतात. मग आपण गूगलवर 'हाऊ टू चेक माय ग्रँडफादर्स लँड इन इंडिया' असे विचारतो आणि पैसे मागणाऱ्या एजंटांच्या जाहिराती समोर येतात. जमीन आहे, नोंदही आहे. चुकतो तो शब्द. साधा नियम असा : आपण कसे विचारू ते टाइप करू नका, तलाठी कसे लिहील ते टाइप करा.

१. कागदाचे नाव वापरा. मालकी आणि पिकांसाठी 'सातबारा', एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनीसाठी '८अ', मालकी कशी बदलली यासाठी 'फेरफार', वारसांसाठी 'वारस नोंद'. शहरातल्या जागेसाठी 'मालमत्ता पत्रक', म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. हे शब्द देवनागरीत लिहा.

२. जुनी-नवी दोन्ही नावे वापरून पाहा. आजोबांच्या कागदावर 'कुलाबा जिल्हा' असेल, तर १९८१ पासून तो रायगड आहे. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. उस्मानाबादचे २०२३ मध्ये धाराशिव झाले. गावांचेही तेच : कराड आणि कऱ्हाड दोन्ही लिहून बघा.

३. सरकारी साइटपुरताच शोध घ्या. शोधशब्दांनंतर एक जागा सोडून इंग्रजीत 'साइट', कोलन आणि मध्ये जागा न सोडता 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन' लिहा. एजंट आपोआप गळतात. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह द्या.

'महाभूलेख' साइटवर पोचलात की जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने जा. गट नंबर माहीत नसेल तर खातेदाराच्या नावानेही शोधता येते. लक्षात ठेवा, अनेक गावांत जमीन एकत्रीकरणानंतर जुन्या सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले. त्यामुळे जुन्या कागदावरचा नंबर सापडला नाही म्हणजे जमीन गेली असे नव्हे. तिथे दिसणारा विनास्वाक्षरी उतारा फक्त माहितीसाठी असतो. कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शुल्क भरून घ्यावा.

एक सावधगिरी : यादीत सर्वांत वर 'प्रायोजित' असे लिहिलेले दुवे म्हणजे जाहिराती. पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो का ते पाहिल्याशिवाय आधार क्रमांक किंवा पैसे देऊ नका.

येत्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा वडीलधाऱ्यांकडून एवढे विचारून घ्या : गाव, तालुका, खातेदाराचे पूर्ण नाव आणि जुना सर्व्हे नंबर. गूगलला हे चार शब्द ठाऊक नाहीत, त्यांना आहेत.