पांढऱ्या पेशी नसतात तेव्हा

पू म्हणजे बहुतांशी जंतूंशी झुंजून मेलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. कीमोथेरपीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत या पेशींची संख्या तळाला जाते, कधी रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये 500 च्याही खाली. मग संसर्ग झाला तरी पू धरत नाही, आणि न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. उरतो तो ताप. स्टेरॉइड चालू असतील तर तोही दबतो. अशा रुग्णाचा सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे सबंध शरीराचा बिघडलेला तोल, किती बळावलाय हे कळायचं कसं?

रक्तातून. आणि त्यात प्रोकॅल्सिटोनिनची हकिकत तर थक्क करणारी आहे. एरवी हे प्रथिन थायरॉइड ग्रंथीत तयार होतं आणि तिथंच त्याचं कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनतं. रक्तात ते जवळपास सापडतच नाही. पण जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला, की यकृत, फुप्फुसं, अगदी चरबीच्या पेशीसुद्धा ते बनवू लागतात! त्याचं संप्रेरक करण्याची सोय या पेशींकडे नसते, म्हणून ते तसंच रक्तात उतरतं आणि काही तासांत पातळी चढू लागते. फ्रेंच संशोधकांनी हा संबंध 1993 मध्ये दाखवून दिला. प्रोकॅल्सिटोनिन मुख्यतः पांढऱ्या पेशींमधून येत नसल्यामुळे त्या नसतानाही वाढतं, आकडा काहीसा कमी राहिला तरी. बुरशीच्या संसर्गात मात्र ते फारसं हलत नाही, म्हणून कमी आकड्यावर निर्धास्त होता येत नाही.

रक्तात मोजलं जाणारं दुसरं प्रथिन म्हणजे सीआरपी. दाह वाढला की ते वाढतं. ते यकृतात बनतं, इंटरल्यूकिन-6 या संदेशवाहक रेणूच्या हुकमावरून. टोसिलिझुमॅब हे औषध तो हुकूमच अडवतं. मग आत संसर्ग पेटलेला असतानाही सीआरपी शांत दिसू शकतं.

गंभीरपणा जोखायला मला लॅक्टेट हे चयापचयात तयार होणारं द्रव्य सर्वांत मोलाचं वाटतं. ते संसर्ग ओळखत नाही. शरीराची चयापचयाची घडी किती विस्कटली आहे, हे सांगतं. 2016 च्या व्याख्येनुसार पुरेसं सलाइन देऊनही रक्तदाब औषधांवरच टिकत असेल आणि लॅक्टेट लिटरला 2 मिलिमोलच्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक. काही तासांनी लॅक्टेट पुन्हा मोजतात, कारण उतरतंय की चढतंय यावर उपचारांची दिशा ठरते.

तुमच्या घरी कुणाची कीमो चालू असेल आणि ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, कीमो चालू आहे. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं.