बेटावरचा ताल – ६ : ऐकणाऱ्यासाठी सोडलेली मात्रा

गेल्या आठवड्यात आपण किंग्स्टनच्या स्टुडिओंपर्यंत आलो होतो. ब्रेंटफर्ड रोडवरचा कॉक्सन डॉडचा स्टुडिओ वन आणि बाँड स्ट्रीटवर दारूच्या दुकानाच्या माडीवरचा ड्यूक रीडचा ट्रेझर आइल ही त्यांतली दोन मोठी नावं. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला त्या सुमारास स्का बहरला, १९६६ मध्ये त्याची लय उतरून रॉकस्टेडी आली आणि १९६८ मध्ये रेगे. म्हणजे रॉकस्टेडीचा भर जेमतेम दोन वर्षांचा. स्काचा सर्वांत नावाजलेला वाद्यवृंद, द स्कॅटेलाइट्स, १९६४ मध्ये जमला आणि १९६५ मध्ये मोडलासुद्धा. तेव्हा वीस लाखही वस्ती नसलेल्या एका बेटावर इतक्या थोड्या अवधीत घडलेलं हे संगीत साठ वर्षांनंतर कोव्हेंट्री, योकोहामा आणि मेक्सिको सिटीत लोक जिवापाड जपतात. हे प्रेम टिकलं कशानं? माझं उत्तर असं की या संगीतानं पहिल्या दिवसापासून ऐकणाऱ्याला काम दिलं. त्याचा वाटा धरूनच ते रचलं गेलं, आणि तो वाटा पुढच्या प्रत्येक पिढीला नव्यानं उचलता आला.

सुरुवात साउंड सिस्टीमपासून करायला हवी. १९५० च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत घरी रेकॉर्ड प्लेअर असणारे थोडे होते आणि वाद्यवृंदाच्या नाचाचं तिकीट परवडणारे त्याहून थोडे. म्हणून मोकळ्या अंगणात माणसाच्या उंचीचे लाकडी स्पीकर रचून अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या वाजवल्या जात. डॉड, रीड आणि प्रिन्स बस्टर हे आधी साउंड सिस्टीमचे मालक. निर्माते ते नंतर झाले. गाणं कुठलं हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तबकडीवरचं लेबल खरवडून टाकायची रीत होती. पुढे अमेरिकेतली आवड रॉक अँड रोलकडे वळली, हव्या त्या धाटणीच्या तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा या मालकांनी स्थानिक वादकांना बोलावून स्वतःच गाणी मुद्रित करायला घेतली. सुरुवातीला ती विकण्यासाठी नव्हतीच. एक मऊ तबकडी कापायची, नाचाच्या रात्री वाजवायची आणि लोक काय करतात ते पाहायचं. लोक थंड राहिले तर गाणं तिथंच संपलं. त्यांनी आरडाओरडा करून दाद दिली तर सुई उचलून तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून. निवड करणारा माणूस कंपनीच्या कचेरीत बसलेला नव्हता, तो समोर नाचत होता. रॉकस्टेडीची लय उतरली ती १९६६ च्या कडक उन्हाळ्यामुळे, असं नेहमी सांगितलं जातं. जमैकात उन्हाळा कुठल्या वर्षी सौम्य असतो? मोठा ब्रासचा ताफा पोसणं महाग पडत होतं, स्कॅटेलाइट्स फुटले होते, त्रिनिदादहून आलेल्या लिन टेटची गिटार नवी वाट दाखवत होती, ही कारणं मला अधिक पटतात. पण ती सगळी असूनही नाचणाऱ्यांनी संथ चाल उचलून धरली नसती, तर दुसऱ्या दिवशी तिचं नाव कोणी काढलं नसतं.

आता तालाकडे पाहू. आपल्याकडे ख्याल ऐकणारा समेची वाट पाहतो. गायक, तबलजी आणि श्रोता एकाच मात्रेवर उतरतात. स्कामध्ये गिटार आणि पियानोचे तुटक आघात मात्रेवर पडत नाहीत, दोन मात्रांच्या मधोमध पडतात. रॉकस्टेडीत लय उतरली तशी त्या आघातांमधली जागा रुंदावली आणि तिथं बास गिटार गायकाच्या चालीइतकीच ठळकपणे बोलू लागली. ‘वन ड्रॉप’ या रेगेच्या ठेक्यात तर चार मात्रांपैकी पहिली मात्रा ड्रमवाला चक्क मोकळी सोडतो. जिथं आपल्या कानाला सम हवी असते तिथं काहीच नसतं, आणि मोठ्या ड्रमचा ठोका येतो तो तिसऱ्या मात्रेवर. बॉब मार्लीच्या वाद्यवृंदातल्या कार्लटन बॅरेटनं हा ठेका जगभर ओळखीचा केला. ती मोकळी मात्रा ऐकणाऱ्याची मान, गुडघा किंवा पाऊल भरून काढतं. शब्द न कळणाऱ्यालाही हे जमतं, म्हणून हे संगीत भाषेच्या सीमेवर अडलं नाही.

सर्वांत बोलका पुरावा मात्र ‘व्हर्जन’चा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तबकडीच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचं गायकाचा आवाज काढून टाकलेलं रूप, अशी पद्धत पडली. त्या मोकळ्या झालेल्या संगीतावर साउंड सिस्टीमचा माइकवाला, ज्याला तिकडे डीजे म्हणतात, लयीत बोलू लागला. १९७० मध्ये यू-रॉयनं ट्रेझर आइलच्या रॉकस्टेडी गाण्यांवर असं बोलून केलेल्या तबकड्यांनी जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरच्या तीन जागा पटकावल्या. इतर कुठल्याही बाजारात जी गाणी तोवर जुनी म्हणून बाजूला पडली असती, ती इथं नव्या गाण्याचा पाया झाली. बास आणि ड्रमच्या अशा बांधणीला रिडिम म्हणतात. स्टुडिओ वनमध्ये साउंड डायमेन्शन या वाद्यवृंदानं १९६७ मध्ये वाजवलेल्या ‘रिअल रॉक’च्या रिडिमवर आजवर शेकडो गाणी बांधली गेली आहेत. जाणकार श्रोता पहिल्या काही ठोक्यांतच रिडिम ओळखतो, आणि मग या गायकानं त्यात काय नवं केलं याकडे कान लावतो. जुन्यावर प्रेम करणं आणि नव्याची वाट पाहणं ही इथं एकच क्रिया आहे. किंग्स्टनमध्ये जन्मलेला डीजे कूल हर्क याच वातावरणातून न्यूयॉर्कला गेला, आणि १९७३ मधल्या त्याच्या ब्राँक्समधल्या पार्टीपासून हिप-हॉपचा इतिहास मोजतात.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं स्मरणरंजन आहे. तरुणपणी ऐकलेली गाणी सगळ्यांनाच प्रिय असतात. पण तारखा या म्हणण्याला साथ देत नाहीत. १९७९ मध्ये जेरी डॅमर्सनं कोव्हेंट्रीत ‘टू टोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि स्का पुन्हा इंग्लंडभर वाजू लागला, तेव्हा त्यावर नाचणारी बहुतेक मुलं शाळकरी होती. मूळ स्काच्या काळात ती पाळण्यात होती. ‘मॅडनेस’ या लंडनच्या वाद्यवृंदानं आपलं नावच प्रिन्स बस्टरच्या गाण्यावरून घेतलं. डँडी लिव्हिंगस्टनच्या १९६७ च्या गाण्यात ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या रिको रॉड्रिग्जला डॅमर्सच्या ‘द स्पेशल्स’ या वाद्यवृंदानं १९७९ मध्ये त्याच गाण्यासाठी पुन्हा बोलावलं. ही आठवण काढणं नव्हे, हे व्हर्जन आहे. जपानचं उदाहरण तर आणखी स्पष्ट. योकोहामाच्या ‘मायटी क्राउन’ या साउंड सिस्टीमनं १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड क्लॅश जिंकला. अशा सामन्यात निकाल गर्दीच्या आवाजावर ठरतो, आणि तो आवाज कॅरिबियन कानांचा होता. मेक्सिको सिटीच्या स्काप्रेमी तरुणांना किंवा २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘गोवा सनस्प्लॅश’ या रेगे महोत्सवाला जाणाऱ्यांना किंग्स्टनच्या अंगणाची कसली आठवण असणार? दुसरं म्हणणं, ही सगळी बॉब मार्लीची पुण्याई. त्याच्यामुळे लाखो माणसं या संगीताच्या दाराशी आली हे निर्विवाद. पण जमैकाच्याच मिली स्मॉलचं गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकावर गेलं ते १९६४ मध्ये, तिथलाच डेस्मंड डेकर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आला तो १९६९ मध्ये, आणि मार्लीचं जगभर नाव झालं ते त्यानंतर.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९६९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जमैकन तबकड्यांचा मोठा गिऱ्हाईकवर्ग गोऱ्या कामगार वस्तीतल्या स्किनहेड पोरांचा होता. त्यांना हवी ती गाणी पुरवणाऱ्या ‘ट्रोजन’ कंपनीचा संस्थापक ली गोप्थल हा भारतीय वंशाचा जमैकन. आणि त्याच काळात त्याच पोरांपैकी काही जण रस्त्यात दिसेल त्या भारतीय-पाकिस्तानी माणसाला मारहाण करत होते. १९७४ मध्ये मार्लीचं गाणं गाऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या एरिक क्लॅप्टननं १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध भाषण केलं. तेव्हा संगीतावरचं प्रेम माणसाला आपोआप भलं करतं, असा दावा मी करणार नाही. पुरावा त्याविरुद्ध आहे. नाचण्यात वाटा मिळाला म्हणून शेजाऱ्याशी वागण्याची समज येत नाही. मात्र वाटा असल्यामुळे पुढच्यांना भांडण्याची जागा मिळाली. क्लॅप्टनच्या भाषणाला उत्तर म्हणून त्याच वर्षी ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली आणि तिच्या मंचांवर पंक व रेगे शेजारीशेजारी वाजले. टू टोननं काळे-गोरे वादक एकाच वाद्यवृंदात आणले आणि काळ्या-पांढऱ्या चौकटी हेच आपलं चिन्ह केलं. त्यांच्या कार्यक्रमांत वंशद्वेष्टी पोरं घुसतच होती. तरी जुलै १९८१ मध्ये इंग्लंडच्या शहरांत दंगली पेटल्या असताना देशातलं पहिल्या क्रमांकाचं गाणं याच मिश्र वाद्यवृंदांपैकी एकाचं होतं: ओसाड पडत चाललेल्या शहराबद्दलचं, स्पेशल्सचं.

उरला पैशाचा प्रश्न, आणि इथं माझ्याच मांडणीची किंमत मोजावी लागते. रिडिम मुक्तपणे फिरला म्हणून हे संगीत जिवंत राहिलं, हे खरं. पण तो फिरला तेव्हा मूळ वादकाच्या हाती काही पडत नव्हतं. गाण्यामागे ठरलेली बिदागी घेऊन तो घरी जाई आणि मालकी निर्मात्याकडे राही. जमैकाचा स्वतःचा आधुनिक स्वामित्वहक्क कायदा आला तो १९९३ मध्ये. तोवर ब्रिटिश अमदानीतल्या १९११ च्या कायद्यावरच काम चाललं होतं. संग्राहक ज्या तबकड्यांसाठी आज मोठ्या रकमा मोजतात, त्यांवर वाजवणारे अनेक जण गरिबीत गेले. चाहत्यांनी यातलं थोडं फेडलं. द स्कॅटेलाइट्स १९८३ मध्ये माँटेगो बेच्या रेगे सनस्प्लॅश महोत्सवात पुन्हा एकत्र आले आणि पुढे वर्षानुवर्षं परदेशांत वाजवत राहिले, ते तिथल्या तरुण श्रोत्यांच्या जोरावर. पण त्यांचा ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड १९६९ मध्येच किंग्स्टनच्या मनोरुग्णालयात वारला होता. त्याच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही. १९९३ च्या कायद्यानं कोणाचं काय बदललं आणि काय जसंच्या तसं राहिलं, ते पुढच्या आठवड्यात.