बालन्यायातील दोन प्रश्न : अमेरिका, स्कॉटलंड आणि भारत

बालकाने गुन्हा केला काय, आणि त्या बालकाचे पुढे काय करावे, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. बालन्यायव्यवस्थांची तुलना करताना आपण बहुधा वयोमर्यादा व शिक्षा यांचे तक्ते मांडतो. परंतु हे प्रश्न कोण, कोणत्या क्रमाने सोडवतो हे पाहिल्यास त्यांतील भेद अधिक स्पष्ट होतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या १८९९ च्या कायद्याने शिकागो येथे पहिले बालन्यायालय स्थापन झाले. 'राज्य हेच बालकाचे पालक' हे त्याचे अधिष्ठान. पालकासमोर वकील कशाला, ही त्यामागील धारणा किती घातक ठरू शकते हे गॉल्ट खटल्यात दिसले. ॲरिझोनातील १५ वर्षांच्या मुलास अश्लील दूरध्वनीच्या आरोपावरून, २१ वर्षांचा होईपर्यंत ठेवता येईल अशा रीतीने, सुधारगृहात धाडण्यात आले. याच गुन्ह्यासाठी प्रौढास फार तर ५० डॉलर दंड वा दोन महिने कैद झाली असती! तक्रारदार महिला न्यायालयात आलीही नव्हती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकील, उलटतपासणी व मौन यांचे हक्क बालकांनाही लागू केले.

स्कॉटलंडने किलब्रँडन समितीच्या १९६४ च्या अहवालानुसार वेगळा मार्ग स्वीकारला. १९७१ पासून तेथे तीन सामान्य नागरिकांचे मंडळ बालकाच्या हिताचा निर्णय करते. आरोप अमान्य असल्यास मात्र प्रकरण प्रथम शेरीफकडे जाते. वस्तुस्थिती सिद्ध झाल्यावरच मंडळ पुढील विचार करते. (अतिगंभीर गुन्हे न्यायालयाकडेच राहतात.)

भारतात बाल न्याय मंडळावर एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. रचना स्वागतार्ह आहे. अडचण क्रमाची आहे. २०१५ च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार, १६ वर्षे पूर्ण झालेल्या बालकावर निर्घृण अपराधाचा आरोप असल्यास, मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि कथित अपराधाची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करावयाचे असते. ही चौकशी म्हणजे खटला नव्हे, असे कलमच सांगते. मग जो अपराध अद्याप सिद्धच झालेला नाही, त्याची 'परिस्थिती' कशाच्या आधारे ठरवावी? आरोप नाकारणाऱ्या मुलाने परिणामांच्या जाणिवेविषयी काय उत्तर द्यावे? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, मंडळात बालमानसशास्त्राचा वा बालमनोविकारशास्त्राचा व्यावसायिक तज्ज्ञ नसल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घेणे अनिवार्य ठरविले. त्यामुळे मूल्यमापनाचा दर्जा सुधारेल. पण दुसरा प्रश्न पहिल्याच्या आधी विचारला जातो, ही स्थिती त्याने बदललेली नाही.