हरिश्चंद्रगडावरचा खरा धोका ओल्या गारठ्याचा

पुणे - ना बर्फ, ना हिमालयाची उंची. मग सह्याद्रीत थंडीने माणूस दगावतो कसा? हरिश्चंद्रगडावर मुक्कामाचे बेत आखणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून गेलेला एक गट या गडाच्या परिसरात धुक्यात व पावसात वाट चुकला आणि त्यातील एकाचा गारठ्यात मृत्यू झाला.

अहिल्यानगर (पूर्वीचा नगर), पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील हा गड सुमारे १,४२४ मीटर उंच आहे. पुणे शहराची उंची सुमारे ५६० मीटर. एवढ्या फरकाने हवा साधारण पाच अंशांनी थंड होते. खरी हानी मात्र पाणी आणि वारा मिळून करतात. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता वीस पटींहून अधिक वेगाने खेचून घेते. भिजलेले सुती कपडे अंगाला चिकटून राहतात. वाऱ्याने त्यांतील पाण्याची वाफ होताना शरीर आणखी निवते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले, की प्राणावर बेतू शकते.

आधी हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते, पाऊल चुकते. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटू लागले, असा समज घातक ठरतो. अशा व्यक्तीला आडोशाला नेऊन कोरडे कपडे घालावेत. ती शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर गरम, गोड पेय द्यावे. मद्य मुळीच देऊ नये. त्याने ऊब वाटते, पण उष्णता निघून जाते.

तंबूसाठी कोकणकड्याची धार मोहक वाटली, तरी तेथे वारा थेट अंगावर येतो. हरिश्चंद्रेश्वर मंदिराच्या बाजूची आडोशाची जागा तुलनेने सुरक्षित. गड अभयारण्यात असल्याने शेकोटीचा भरवसा धरू नये आणि मुक्कामाबाबत वन विभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. लोकरी कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवावा. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे वाट लांबची, पाचनईची जवळची. दोन्हीकडे धुक्याच्या दिवसांत स्थानिक वाटाड्या सोबत हवाच.

तरीही वाट हरवलीच, तर अंधारात चालत राहण्यापेक्षा आडोसा धरून थांबावे. उजाडेपर्यंत कोरडे राहणे, हीच खरी सुरक्षितता.