साखळीच्या अखेरच्या फेरीचा हिशेब

क्रिकेटच्या हंगामातील सर्वांत गाजणारा दिवस अंतिम सामन्याचा असतो. परंतु सर्वांत अर्थपूर्ण दिवस कोणता, असे विचारले तर साखळी स्पर्धेच्या अखेरच्या फेरीकडेच बोट दाखवावे लागेल. अंतिम सामन्यात दोनच संघ उरलेले असतात आणि त्यांतील पराभूतालाही उपविजेतेपदाचा मान मिळालेला असतो. साखळीच्या अखेरच्या फेरीत मात्र देशातील अनेक मैदानांवर एकाच वेळी डाव मांडलेले असतात. एका गावी पडलेला बळी दुसऱ्या गावी खेळणाऱ्या संघाचे भवितव्य ठरवीत असतो, आणि हे सारे बहुधा रिकाम्या प्रेक्षागारासमोर घडत असते.

रणजी करंडक स्पर्धेची २०२४-२५ च्या हंगामातील सातवी व शेवटची साखळी फेरी ३० जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. अव्वल विभागातील ३२ संघ सोळा मैदानांवर खेळत होते. देशाचे लक्ष होते ते दिल्लीकडे. कारण विराट कोहली २०१२ नंतर प्रथमच रणजी सामन्यात उतरला होता. हजारो लोकांनी मैदान भरले. रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा सहा धावांवर त्रिफळा उडविला आणि पाहता पाहता प्रेक्षागार ओस पडू लागले. दिल्लीने तो सामना जिंकला. बाद फेरी मात्र तिला गाठता आली नाही.

खरा निर्णय दुसरीकडे लागत होता. ‘अ’ गटात जम्मू-काश्मीरचे २९, बडोद्याचे २७ आणि गतविजेत्या मुंबईचे २२ गुण होते. या तिघांतून दोघेच पुढे जाणार होते. त्याआधीच्याच फेरीत जम्मू-काश्मीरने मुंबईला तिच्याच मैदानावर पाच गडी राखून हरविले होते, आणि त्या मुंबई संघात रोहित शर्मा, अजिंक्य रहाणे, यशस्वी जयस्वाल, श्रेयस अय्यर यांसारखे खेळाडू होते. आता मुंबईला मेघालयावर मोठा विजय हवा होता आणि शिवाय बडोद्यात चाललेल्या सामन्यात यजमानांना अपयश येणेही आवश्यक होते. मुंबईने एक डाव व ४५६ धावांनी विजय मिळवून सात गुण पदरात पाडले. तिकडे जम्मू-काश्मीरने बडोद्याला १८२ धावांनी नमविले. अखेरचा तक्ता झाला तो असा : जम्मू-काश्मीर ३५, मुंबई २९, बडोदा २७. पहिल्या डावातील आघाडीचे तीन गुण बडोद्याने त्या सामन्यात राखले असते, तर मुंबईचा तो प्रचंड विजय कागदावरच राहिला असता.

अनिश्चिततेचे अर्थशास्त्र

एखाद्या संघाचे भाग्य दुसऱ्याच्या मैदानावर ठरावे, यात अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक जुना सिद्धान्त दिसतो. क्रीडा-अर्थशास्त्र ही ज्ञानशाखा जन्माला आली तीच मुळी अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या अभ्यासातून. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजारावर एक निबंध लिहिला. निकाल अनिश्चित असल्याखेरीज प्रेक्षक पैसे मोजणार नाही, हे त्यातील एक मर्म. १९६४ मध्ये वॉल्टर नील यांनी त्याला पुस्ती जोडली. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर दुकानदाराला आनंद होतो. खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर दुकानच बंद पडते. येथे विकला जाणारा माल दोघांनी मिळून निर्माण केलेला असतो.

या मालाचा सर्वांत उंची नमुना अमेरिकेने २८ सप्टेंबर २०११ रोजी पाहिला. तेथे प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. सप्टेंबरच्या प्रारंभी बोस्टनचा संघ टॅम्पा बेच्या नऊ सामने पुढे होता; अखेरच्या दिवशी दोघांची बरोबरी झालेली होती. त्या रात्री बोस्टनचा संघ बाल्टिमोरकडून ४-३ असा हरला, आणि न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध ०-७ असा मागे पडलेला टॅम्पा बेचा संघ बाराव्या डावात ८-७ असा जिंकला. त्याच रात्री अटलांटा बाहेर फेकला गेला आणि त्याची जागा घेणारा सेंट लुईस पुढे जगज्जेता ठरला. १६१ सामन्यांची पुण्याई अशी एका रात्रीच्या तराजूत तोलली गेली.

प्रेक्षकाला हीच अनिश्चितता हवी असते आणि तिची किंमत तो खुशीने देतो. प्रश्न आहे तो असा, की या अनिश्चिततेचा भार कोण वाहतो?

रोजंदारीचा तक्ता

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये देशांतर्गत खेळाडूंचे मानधन वाढविले. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यास दिवसाला ६० हजार, एकवीस ते चाळीस सामने खेळलेल्यास ५० हजार व त्याहून कमी अनुभव असलेल्यास ४० हजार रुपये, असा दर ठरला. राखीव खेळाडूस याच्या निम्मे मिळावयाचे. हे आकडे बुलढाण्यातील शिक्षकाला किंवा कारकुनाला दीपवून टाकतील, यात शंका नाही. परंतु आकड्याबरोबर त्याचा पायाही पाहिला पाहिजे. हा पगार नव्हे. ही रोजंदारी आहे.

साखळीतील सात सामने चार-चार दिवसांचे, म्हणजे २८ दिवस. चाळीस हजारांच्या श्रेणीतील जो खेळाडू सातही सामने खेळेल, त्याला ११ लाख २० हजार रुपये मिळतील. त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला तर पाच-पाच दिवसांचे आणखी तीन सामने, म्हणजे १५ दिवस. त्याची प्राप्ती १७ लाख २० हजारांवर जाते. साखळीच्या अखेरच्या दिवशी अशा प्रत्येक खेळाडूच्या सहा लाखांचा, म्हणजे साखळीतील प्राप्तीच्या निम्म्याहून अधिक रकमेचा, निकाल लागत असतो. आणि तो निकाल केवळ त्याच्या कर्तबगारीवर अवलंबून नसतो. जो वर्षभर राखीव म्हणून बसला, त्याचे साखळीचे मानधन ५ लाख ६० हजार. जो दुसऱ्या सामन्यात गुडघा दुखावून घरी बसला, त्याचे पुढील सामन्यांचे मानधनच गेले. एकदिवसीय व वीस षटकांच्या स्पर्धांतून आणखी काही मिळते. परंतु तत्त्व तेच.

एका धावेची किंमत काय असते, हेही याच हंगामाने दाखविले. उपांत्यपूर्व फेरीत पुण्याला जम्मू-काश्मीरच्या २८० धावांना उत्तर देताना केरळचे नऊ गडी २०० धावांत बाद झाले होते. अखेरच्या जोडीने ८१ धावांची भर घातली आणि केरळला एका धावेची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिला व त्या एका धावेवर जम्मू-काश्मीर स्पर्धेबाहेर गेले. उपांत्य सामन्यात याच केरळने गुजरातला दोन धावांच्या आघाडीवर मागे टाकले. स्पर्धा-परीक्षेत एका गुणाने यादीबाहेर राहिलेल्या विद्यार्थ्याला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. पण त्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते. क्रिकेटपटूच्या उमेदीची वर्षे मोजकी असतात.

याउलट शिखरावरचे चित्र पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी रुपये मिळाले. चाळीस हजार रोजाच्या खेळाडूला तेवढी रक्कम मिळविण्यास ६,७५० दिवस खेळावे लागेल. वर्षाचे ४३ दिवस धरले तर १५७ हंगाम! त्या लिलावात सर्वांत कमी मूळ बोली ३० लाखांची होती. रणजी विजेत्या संघात सर्व सामने खेळलेल्या ज्येष्ठतम खेळाडूचे मानधन होते २५ लाख ८० हजार. म्हणजे आयपीएलच्या सर्वांत खालच्या पायरीहूनही, बक्षिसाची रक्कम वगळता, रणजीची सर्वांत वरची पायरी खालीच आहे.

दुसऱ्या फळीचे काय?

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की ज्याला बाजारात मागणी त्याला मोल, हा तर अर्थशास्त्राचाच नियम. तो मान्य आहे. पंतला मिळणाऱ्या पैशांबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु बाजाराविषयी लिहिणाऱ्या ॲडम स्मिथनेच १७७६ मध्ये एक इशारा देऊन ठेवला आहे. तरुण माणूस आपल्या नशिबाचा अंदाज नेहमी चढाच करतो, आणि ज्या व्यवसायात मूठभरांना मोठी बक्षिसे मिळतात त्यांत तो सोडतीच्या तिकिटासारखा आपले आयुष्य गुंतवितो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यापुरता हा प्रश्न दूरचा नाही. विदर्भाच्या क्रिकेटची सत्ता बराच काळ नागपूरकडेच होती. पश्चिम विदर्भात अकोल्याच्या मैदानाने वेगळी वाट पाडली; अथर्व तायडे, दर्शन नळकांडे, आदित्य ठाकरे हे तेथून पुढे आले. विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीवर नऊ गडी राखून मात करीत प्रथमच करंडक जिंकला, पुढच्या वर्षी तो राखला, आणि २ मार्च २०२५ रोजी केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा मिळविला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. साहजिकच खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील मुलांच्या डोळ्यांत नवी स्वप्ने आली आहेत. शिकवणी सोडून सरावाला जाऊ पाहणारा मुलगा आणि त्याला अडविणारा बाप हे दृश्य आता येथील घरांनाही अपरिचित नाही. या बापाला काय सांगायचे?

पूर्वी त्याला सांगण्यासारखे एक उत्तर होते. रेल्वे, बँका आणि मुंबईतील मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. रणजी स्पर्धेत ६३७ बळी घेणारे राजिंदर गोयल आणि प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणारे पद्माकर शिवलकर यांना कसोटीची टोपी कधीच मिळाली नाही. बिशनसिंग बेदींच्या काळात ते जन्मले, एवढाच त्यांचा दोष. विदर्भाच्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मार्च २०२५ रोजी, शिवलकर निवर्तले. त्या पिढीला खेळातून पैसा फारसा मिळाला नाही. पण ज्याला नोकरी लाभली त्याच्या घरची चूल निकालावर अवलंबून नव्हती. आज पैसा वाढला आणि तो आधार विरळ झाला. मानधनाच्या वाढीत ही हानी झाकून गेली.

रोजंदारीचे खरे रूप २०२०-२१ मध्ये उघडे पडले. साथीमुळे, १९३४-३५ पासून चालत आलेली रणजी स्पर्धा प्रथमच भरली नाही. सामने नाहीत म्हणून मानधन नाही. आधीच्या हंगामात खेळलेल्यांना निम्मे मानधन भरपाई म्हणून देण्याचा निर्णय झाला, तोही सप्टेंबर २०२१ मध्ये. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाला किंवा हंगामापुरते काम मिळणाऱ्या जिनिंगमधील मजुराला यात नवल वाटणार नाही. परंतु मजुराच्या मालकाची ऐपत आणि क्रिकेट मंडळाची ऐपत यांत फरक आहे.

ती ऐपत किती, याचा हिशेब कठीण नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण-हक्कांची विक्री ४८,३९० कोटी रुपयांना झाली. म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. रणजीत खेळणारे संघ ३८. प्रत्येक संघातील २५ खेळाडूंना वर्षाला दहा लाखांचा किमान करार द्यावयाचा ठरविला, तर खर्च येतो ९५ कोटी. त्या हक्कांच्या वार्षिक उत्पन्नाच्या शेकडा एकाहूनही कमी. या उत्पन्नातील मोठा वाटा आयपीएलच्या संघमालकांकडे जातो हे ध्यानात घेतले, तरी राहिलेल्या रकमेत हा खर्च सहज सामावेल. सामन्याचे मानधन त्यावर वेगळे राहावे, म्हणजे कर्तबगारीचे बक्षीसही कायम राहील.

सुरक्षिततेने खेळाडू आळशी होतील, ही भीती अनाठायी आहे. अमेरिकेत मुख्य बेसबॉल संघातील सर्वांत नवख्या खेळाडूलाही २०२५ मध्ये वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलरचे किमान वेतन होते. त्यामुळे तेथील चुरस कमी झाल्याचे कोणी म्हणत नाही. तेथेही दुसऱ्या फळीतील खेळाडू वर्षानुवर्षे तुटपुंज्या पैशांवर राबत. २०२२ मध्ये ते खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले आणि मार्च २०२३ च्या कराराने त्यांतील वरच्या श्रेणीचे किमान वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेले. आपल्याकडे २०१९ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली ती निवृत्त क्रिकेटपटूंची. आज मैदानावर असलेल्यांचे गाऱ्हाणे मांडण्यास ती नाही.

निकालाची अनिश्चितता हा खेळाचा प्राण आहे. उपजीविकेची अनिश्चितता हा त्याचा प्राण नव्हे. पहिलीवाचून खेळ उभा राहत नाही, दुसरीवाचून त्याचे काहीच अडत नाही. साखळीच्या अखेरच्या दिवशी एखादा संघ एका गुणाने बाहेर पडावा, हे न्याय्यच आहे. परंतु त्या एका गुणाबरोबर पंचवीस घरांचे वर्षाचे गणितही बदलावे, याला न्याय म्हणता येणार नाही. हंगामाच्या शेवटी गुणांचा तक्ता आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्याखालचा हा दुसरा तक्ता मंडळाने वाचला, तर खामगावच्या त्या बापाला मुलाच्या हाती बॅट देताना निदान हिशेब तरी करता येईल.